आखाड्याबाहेर मोडलेले हात : हमीदा बानू यांची कहाणी

पुण्यात एक कुस्ती ठरली होती, ती झालीच नाही. एका बाजूला रामचंद्र साळुंखे नावाचे पैलवान, दुसऱ्या बाजूला अलीगढच्या हमीदा बानू. शहरातल्या कुस्ती संघटनेने हरकत घेतली आणि जोड रद्द झाली. हमीदा बानू पुण्याच्या मातीत उतरल्याच नाहीत.

४ मे २०२४ रोजी गुगलने आपल्या पहिल्या पानावर त्यांचं चित्र लावलं. त्या दिवशी अनेक घरांत मुलांनी मोबाईल पुढे करून आई-वडिलांना विचारलं असेल, या कोण बाई? आमच्या वर्गातल्या मुलांनी तर आम्हालाच विचारलं. एका वाक्यात सांगता येईल असं उत्तर नव्हतं. पहिली महिला पैलवान असं म्हणून मोकळं होता येतं, पण त्या बाईच्या आयुष्यातली खरी गोष्ट तिथे सुरूही होत नाही. म्हणून हा लेख.

आधी पुण्याचं बोलू. मंडईत भाजी घ्यायला जाणाऱ्यांपैकी फार कमी लोकांच्या लक्षात येतं की आपण तालमींच्या गराड्यात उभे आहोत. शुक्रवार पेठेतली चिंचेची तालीम पेशवाईच्या काळापासूनची. आजूबाजूच्या पेठांत अशा कितीतरी. पूर्व भागातल्या साखळीपीर तालमीचं तर नावच पिराचं आहे. आम्ही उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे हा शब्द आला की वर्गात दर वर्षी हसू फुटतं. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण, मराठीत तालीम म्हणजे जोर-बैठका. उस्तादचा इथे वस्ताद झाला, पहलवानचा पैलवान. शब्द आपलेच, फक्त अंगाला माती लागलेले.

मंडईची इमारत १८८६ मध्ये रे मार्केट या नावाने सुरू झाली. नगरपालिकेत असताना जोतीराव फुले यांनी या बांधकामाच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर लावा, असं त्यांचं म्हणणं. पुढे याच मंडईला त्यांचं नाव लागलं. इथून चालत काही मिनिटांवर बुधवार पेठेत भिडेवाडा, जिथे १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू झाली. त्या शाळेत जाता-येता सावित्रीबाईंच्या अंगावर शेण आणि दगड आले, हे आपल्या मुलांना चौथीतच माहीत असतं. शंभर वर्षांनंतर दुसऱ्या एका बाईला पुण्यात दुसऱ्या अर्थाच्या तालमीची दारं बंद झाली, हे मात्र कोणत्या इयत्तेत सांगत नाहीत.

ही दारं धर्मामुळे बंद होती असं आम्हाला वाटत नाही, हे इथेच स्पष्ट केलेलं बरं. कुस्तीच्या मातीत हिंदू-मुसलमान हा भेद महाराष्ट्राने फारसा मानला नाही. कोल्हापूरचं खासबाग मैदान शाहू महाराजांनी बांधलं, तेव्हा १९१२ मध्ये तिथली पहिली मोठी कुस्ती झाली ती इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची. इमामबक्ष म्हणजे गामा पैलवानांचे धाकटे भाऊ. दोन मुसलमान मल्लांच्या कुस्तीने कोल्हापूरकरांनी आपल्या सगळ्यात लाडक्या मैदानाचा मुहूर्त केला. मारुतीच्या तसबिरीसमोर माती कपाळाला लावून मुसलमान पोरं आजही मेहनत करतात, कुणी त्याचं काही करत नाही. अडचण एकच होती, हमीदा बानू बाई होत्या.

त्यांचा जन्म उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरचा. घरात पैलवानकी होती. तिथून त्या अलीगढला गेल्या, सलाम पैलवान यांच्या हाताखाली तयार व्हायला. त्या काळात एका मुसलमान घरातली मुलगी दुसऱ्या गावी जाऊन मातीत घाम गाळते, यासाठी काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल याचा अंदाज आपल्या घरच्या मोठ्या बायकांना विचारला तरी येईल. आजही मुलीने शाळेच्या कबड्डी संघात नाव दिलं की आम्हाला पालकांचे फोन येतात. तिचं पुढे काय होणार, लोक काय म्हणतील, मुलाकडचे काय म्हणतील. मुलाने नाव दिलं तर फोन येत नाही.

१९३७ मध्ये आग्र्याला त्यांनी लाहोरच्या फिरोज खान यांना हरवलं आणि नाव झालं. त्यानंतर उत्तर प्रदेश, पंजाब असं करत दंगली सुरू झाल्या. दंगल या शब्दाचीही गंमत आहे. हिंदी-उर्दूत दंगल म्हणजे कुस्त्यांचं मैदान, मराठीत दंगल म्हणजे दगडफेक आणि संचारबंदी. हमीदा बानूंच्या वाट्याला हे दोन्ही अर्थ आले. १९४४ मध्ये मुंबईत त्यांची कुस्ती गुंगा पैलवान यांच्याशी लागायची होती. सुमारे २०,००० माणसं जमली. ऐन वेळी समोरच्या बाजूने जास्त पैसे आणि तयारीला जास्त वेळ मागितला, कुस्ती बारगळली. चिडलेल्या लोकांनी स्टेडियमची मोडतोड केली. आम्हाला यात दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. महायुद्ध चालू, महागाई, रेशनच्या रांगा, आणि अशा दिवसांत वीस हजार माणूस तिकीट काढून एका बाईची कुस्ती बघायला येतो. म्हणजे लोकांना ती हवी होती. नको होती ती मैदानाच्या कारभाऱ्यांना.

त्यांच्या खुराकाच्या बातम्या तेव्हा चवीने छापल्या जात. उंची ५ फूट ३ इंच, वजन १०८ किलो. दिवसाला साडेपाच लिटरहून जास्त दूध, पावणेतीन लिटरच्या आसपास सूप, फळांचा रस, एक कोंबडी, जवळपास किलोभर मटण, बदाम, अर्धा किलो लोणी, ६ अंडी, दोन मोठे पाव आणि वर दोन प्लेट बिर्याणी. नऊ तास झोप, सहा तास मेहनत. आकडे वर्तमानपत्रांतले आहेत, त्यात थोडं मीठ-मसाला असणारच. पण पैलवानाचा खुराक छापताना कौतुक असतं आणि बाईचा छापताना चेष्टा असते, तो फरक त्या बातम्यांत जाणवतो. गामांचा खुराक आपले आजोबा अभिमानाने सांगायचे. हमीदांचा खुराक लोकांनी हसत वाचला. वर्तमानपत्रांनी त्यांना अलीगढची ॲमेझॉन असं नाव दिलं. ॲमेझॉन म्हणजे ग्रीक दंतकथांतल्या लढवय्या बायका. नाव भारदस्त आहे, पण ती दंतकथा आणि ही तर खरी चालती-बोलती बाई.

उर्दू अदबाच्या वाचकांना त्यांचं नाव आणखी एका ठिकाणी भेटलं असेल. कुर्रतुलऐन हैदर यांच्या डालन वाला या कथेत हमीदा बानूंच्या दंगलीचा उल्लेख येतो. घरातला नोकर मुंबईची दंगल पाहून येतो आणि त्या वाघिणीला कुणी हरवू शकत नाही असं कौतुक करतो. इतकी त्या बाईची हवा होती की ती मोठ्या लेखिकेच्या कथेत घरातल्या गप्पांमधून शिरली.

मग १९५४ साल उजाडलं. त्यांच्या आयुष्यातलं सगळं त्या एकाच वर्षात कोंबलं गेलं आहे.

फेब्रुवारीत त्यांनी जाहीर आव्हान दिलं. जो पुरुष आपल्याला मैदानात हरवील त्याच्याशी आपण निकाह करू, असा त्याचा मतलब. याकडे लोक जाहिरातबाजी म्हणून बघतात. असेलही. पण जरा उलट बाजूने बघा. लग्न कर, लग्न कर म्हणून मागे लागलेल्या दुनियेला एका बाईने अशी अट घातली की दार उघडंच राहिलं आणि आत यायची कुणाची हिंमत होईना. पटियाळ्याचे एक आणि कोलकात्याचे एक, असे दोन नामी पैलवान त्या अटीवर उतरले आणि पाठ लावून घेऊन परत गेले.

तिसरी कुस्ती मे महिन्यात बडोद्याला. तिथे त्यांची जोड छोटे गामा यांच्याशी होती, बडोद्याच्या महाराजांचा त्यांना आश्रय होता. ऐन वेळी त्यांनी माघार घेतली, बाईशी लढणार नाही म्हणाले. मग बाबा पैलवान उतरले. कुस्ती किती वेळ चालली? १ मिनिट ३४ सेकंद. आम्ही वर्गात घड्याळ लावून मुलांना हा वेळ मोजायला लावला होता. एवढ्या वेळात फळ्यावर तारीख, विषय आणि पहिला प्रश्न लिहून होतो. तेवढ्यात एक तयार पैलवान आकाश बघत होता. तोपर्यंत आपण ३०० हून जास्त कुस्त्या जिंकल्या, असा हमीदा बानूंचा दावा होता.

आता त्या आरोपाबद्दल बोललं पाहिजे, कारण तो टाळून लिहिणं म्हणजे अर्धी गोष्ट सांगणं. त्यांच्या कुस्त्या नुरा असतात, म्हणजे आधीच ठरवलेल्या असतात, समोरचा पैलवान पैसे घेऊन पडतो, असं तेव्हाही बोललं जात होतं आणि नंतरही लिहिलं गेलं. कोल्हापुरात त्यांनी सोमासिंग पंजाबी यांना हरवलं तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, दगड मारले. पोलिसांना मध्ये पडावं लागलं. सगळा प्रकार बनावट आहे, असं लोकांनी ठरवून टाकलं. ज्या शाहूंच्या गावात मुसलमान मल्लांच्या कुस्तीने मैदानाचा मुहूर्त झाला, त्याच गावात हे घडलं.

नंतर मुंबई राज्यात त्यांच्या कुस्त्यांवर बंदी आली. त्या गप्प बसल्या नाहीत. मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे त्यांनी लेखी तक्रार केली. उत्तर असं आलं की बंदी बाई म्हणून नाही, तर कुस्त्या भरवणारे लोक त्यांच्यासमोर खोटे, नावापुरते पैलवान उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून.

आमचं मत सांगतो. तो काळ तिकिटाच्या कुस्त्यांचा होता. किंगकाँग आला, दारासिंग आले, कुस्त्या भरवणाऱ्यांना गल्ला हवा होता आणि त्यासाठी ठरवून कुस्त्या लावल्या जात नव्हत्या असं कोणी छातीठोकपणे म्हणू नये. हमीदा बानूंच्या तीनशेमधल्या काही तशा असतील. पण मग शंकेला एक साधा उपाय होता. तुमचा खरा पैलवान उतरवा. पुण्यात साळुंखेंना उतरू द्यायचं होतं. चिंचेच्या तालमीपासून कोल्हापूरच्या गंगावेशीपर्यंत त्या काळी दर्दी वस्तादांची कमी नव्हती. निकाल मातीत लागला असता. खोटं आहे असंही म्हणायचं आणि खरी कुस्तीही होऊ द्यायची नाही, याला काय म्हणावं? पुरुषाची कुस्ती नुरा निघाली तर लोक त्या पैलवानाला शिव्या घालतात. बाईची निघाली तर म्हणतात, बायकांना जमतच नाही.

आणखी एक गोष्ट. हरलेल्या पुरुषांची काय अवस्था झाली असेल? बाईकडून पडलेल्या पैलवानाला गावात तोंड दाखवायला एकच वाट उरते, आपण मुद्दाम पडलो असं सांगायचं. त्यामुळे नुराच्या गोष्टी कुणी पसरवल्या याचाही विचार व्हावा.

इथे थोडं आखाड्याबाहेर, बॉक्सिंगच्या रिंगकडे जाऊ. लढतीच्या खेळांत माणसं मोडतात हे आपल्या घराघरात मोहम्मद अली यांच्यामुळे माहीत आहे. उतारवयात १९८० मध्ये ते लॅरी होम्सपुढे उभे राहिले, मार खात राहिले, शेवटी त्यांच्या कोपऱ्यातल्या माणसांनीच लढत थांबवली. १९८४ मध्ये पार्किन्सनचं निदान झालं. १९६२ मध्ये न्यूयॉर्कला बेनी पॅरेट हा बॉक्सर दोरांना टेकून उभा होता आणि एमिल ग्रिफिथ त्याला ठोसे मारत होता. घराघरांत टीव्हीवर लोक ते थेट पाहत होते. पॅरेट शुद्धीवर आला नाही, दहा दिवसांनी वारला. १९८२ मध्ये लास व्हेगासला दक्षिण कोरियाचा किम डुक-कू चौदाव्या फेरीत पडला आणि काही दिवसांत गेला. त्यानंतर किमच्या आईने जीव दिला, पुढे त्या लढतीच्या पंचानेही. हे सगळं भयंकर आहे. पण एक गोष्ट बघा. प्रत्येक वेळी मारणारा दिसत होता, मार खाणारा दिसत होता, मध्ये पंच होता, बाजूला डॉक्टर होता, जगाने प्रश्न विचारले. किमच्या मृत्यूनंतर जागतिक विजेतेपदाच्या लढती पंधरा फेऱ्यांवरून बारा फेऱ्यांवर आणल्या गेल्या. पंचाने लढत लवकर थांबवावी हा विचार रुजला.

आपल्या मातीतल्या कुस्तीत ठोसा नसतो. पाठ लागली की संपलं, पडणारा उठतो, हात मिळवतो, माती झटकतो. तीनशे कुस्त्या खेळून हमीदा बानू धडधाकट होत्या. त्यांची हाडं कुठल्याही पैलवानाने मोडली नाहीत.

१९५४ मध्येच मुंबईत त्यांची कुस्ती वेरा चिस्तिलिन यांच्याशी झाली. रशियाची अस्वलीण म्हणून या बाईंची जाहिरात होत होती. एक मिनिटही लागलं नाही, हमीदा जिंकल्या. या वेळी समोर पुरुष नव्हता, तेव्हा बाईशी लढायची लाज वाटली असं म्हणायचीही सोय नव्हती. त्याच वर्षी त्यांनी जाहीर केलं की आता आपण युरोपला जाऊन तिथल्या मल्लांशी लढणार.

आणि त्या कुस्तीच्या जगातून नाहीशा झाल्या.

काय झालं ते अनेक वर्षांनी त्यांच्या घरच्या आणि शेजारच्या माणसांनी सांगितलं. सलाम पैलवान यांना त्यांचं युरोपला जाणं मान्य नव्हतं. त्यांना थांबवण्यासाठी त्यांनी हमीदांना काठीने मारलं, दोन्ही हात मोडले. शेजारच्यांच्या आठवणीप्रमाणे पायही मोडले. त्या उभ्या राहू शकत नव्हत्या. पुढे हाडं जुळली, पण कित्येक वर्षं काठीशिवाय त्यांना नीट चालता येत नव्हतं.

हे वाचून थोडं थांबावं असं आम्हाला वाटतं. १०८ किलोची बाई. पटियाळा, कोलकाता, बडोद्याचे पैलवान जिने पाडले. ती काठी अडवू शकली नसती का? वर्गातल्या एका मुलाने आम्हाला अगदी हाच प्रश्न विचारला, आणि मुलींपैकी कुणीही तो विचारला नाही. मुलींना उत्तर माहीत होतं. मैदानातला माणूस प्रतिस्पर्धी असतो, त्याच्यावर डाव टाकता येतो. ज्याने डाव शिकवले, ज्याच्या घरात राहतो, ज्याच्या हातात पैसा, तिकिटं, दौरे सगळं आहे, त्याच्यावर हात उचलायला आपल्याला कुणी शिकवलेलंच नसतं. उलट वस्तादाच्या पायाला हात लावायचा, हेच पहिल्या दिवशी शिकवतात. आणि तिथे पंच नव्हता, घंटा नव्हती, लढत थांबवा म्हणणारं कुणी नव्हतं.

सलाम पैलवान आणि हमीदा बानू यांचं नातं काय होतं, यावर घरातल्या माणसांच्या आठवणी वेगवेगळ्या आहेत. सलाम यांच्या मुलीच्या सांगण्याप्रमाणे दोघांचा निकाह झाला होता, त्या हमीदांना सावत्र आई मानत. हमीदांच्या अखेरपर्यंत त्यांच्याजवळ राहिलेल्या नातवाला ते मान्य नाही. आम्हाला या वादात पडायचं नाही. नवरा असो की वस्ताद, मोडलेलं हाड तेच. नवरा असेल तर तो घरचा मामला, असं मात्र कुणी म्हणू नये. आपल्या मोहल्ल्यात हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकलं आहे की पोरीच्या डोळ्याखालचा काळा डाग दिसला तरी लोक चहा पिऊन उठतात. शरीअतमध्ये बायकोची हाडं मोडायची परवानगी आहे असं कोणताही आलिम सांगणार नाही. आणि देशाच्या कायद्यात १९८३ मध्ये कलम ४९८-अ आलं, २००५ मध्ये घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा झाला. १९५४ मध्ये हमीदा बानूंना दाद मागायला असं काहीच नव्हतं. बंदीविरुद्ध त्या मुख्यमंत्र्यांपर्यंत गेल्या, पण या मारासाठी जायचं कुठे?

लोक विचारतात, आता हे उकरून काय मिळणार? मुसलमान बाईच्या घरातली मारहाण सांगितली की बाहेरचे लोक बोट दाखवणार. दाखवू द्या. मारणाऱ्या पुरुषांना जात-धर्म नसतो, हे पुण्याच्या कोणत्याही पोलीस चौकीत जाऊन बसलं की कळतं. समाजाची लाज झाकायची म्हणून आपण हमीदा बानूंचं पोस्टर लावायचं आणि काठी लपवायची, हे आम्हाला जमणार नाही. गुगलच्या चित्रात त्या आखाड्यातल्या विजेत्या आहेत. ते चित्र खरं आहे. पण आपल्या मुलींना दोन्ही गोष्टी कळायला हव्यात, कारण दुसरी गोष्ट त्यांच्या आयुष्यात येण्याची शक्यता पहिलीपेक्षा फार जास्त आहे.

आता मैदानं बदलली आहेत. २००४ मध्ये महिलांची कुस्ती ऑलिम्पिकमध्ये आली, २०१२ मध्ये महिलांचं बॉक्सिंग. २०१६ मध्ये साक्षी मलिकने रिओमध्ये कांस्य जिंकलं. निजामाबादची निखत झरीन २०२२ मध्ये इस्तंबूलला आणि २०२३ मध्ये दिल्लीत जगज्जेती झाली. तिच्या वडिलांना नातेवाइकांनी काय काय ऐकवलं आणि तरी त्यांनी मुलीचा हात कसा सोडला नाही, हे आम्ही पालकसभेत मुद्दाम सांगतो. हमीदांच्या मागे असा एक वडीलधारा माणूस युरोपच्या वेळी उभा असता तर? २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, प्रतीक्षा बागडीने गदा उचलली. म्हणजे ज्या महाराष्ट्रात हमीदा बानूंची कुस्ती रद्द झाली, तिथे बायकांना गदा मिळायला जवळपास सत्तर वर्षं गेली.

त्या सत्तर वर्षांतली तीसेक वर्षं हमीदा बानू आपल्याच राज्यात, कल्याणला राहत होत्या. कल्याणला त्यांचा दुधाचा धंदा होता. सलाम पैलवान अलीगढला परतले, त्या इथेच राहिल्या. दूध विकून आणि थोड्या जागेच्या भाड्यावर घर चालायचं. पैसे संपले की घरी केलेले खायचे पदार्थ रस्त्याच्या कडेला बसून विकायच्या. ज्या बाईच्या नाश्त्याची यादी वर्तमानपत्रं छापत होती, तिच्या हातचा खाऊ घेऊन जाणाऱ्या कल्याणकरांपैकी किती जणांना माहीत असेल की पैसे मोजणाऱ्या या हातांनी बडोद्यात काय केलं होतं?

१९८६ मध्ये त्यांचं निधन झालं. शेवटपर्यंत नातू जवळ होता.

कल्याण, भिवंडी, कोल्हापूर, पुण्याच्या पेठा, मंडईच्या आसपासच्या तालमी, इथल्या कुणाच्या घरी दादा-नानांनी हमीदा बानूंची कुस्ती पाहिल्याची आठवण सांगितली असेल, तर ती लिहून आमच्याकडे पाठवा. कल्याणला त्यांच्याकडून दूध घेतलं असेल, तरी पाठवा.